रिकाम्या दांड्या

"मॅडम, पुस्तिका उलटी आहे," फोटोग्राफर म्हणाला, आणि ठोकळ्यांच्या ढिगात गेलेला तिचा हात तिथेच थांबला.

त्याने ते सहज म्हटलं होतं. तो दिव्याला पांढरी छत्री लावत होता, मान वर करून म्हणाला आणि पुन्हा छत्रीच्या काड्यांत गुंतला. तिने खाली पाहिलं. जुळणीची पुस्तिका टेबलावर पसरलेली होती आणि तिच्यातली चित्रं डोक्यावर उभी होती. पानांचे आकडे, बाणांची टोकं, कुठला ठोकळा कुठे बसवायचा ते दाखवणारे पिवळे चौकोन, सगळं समोरच्या रिकाम्या खुर्चीकडे तोंड करून होतं. तिथे कुणी बसलेलं नव्हतं. "असू दे, मला असंच जमतं," ती म्हणाली, आणि म्हणताना तिच्या लक्षात आलं की हे वाक्य ती आयुष्यात पहिल्यांदा बोलते आहे, कारण हा प्रश्न तिला आजवर कुणी विचारलाच नव्हता. खेळणी जोडून बघायचं काम ती घरी करायची. दार लावून, एकटीने. खेळण्यांच्या या मासिकात इतकी वर्षं गुण देत आली, पण कार्यालयात पोचायचं ते जोडून झालेलं खेळणं आणि तिचा कागद. या वेळी संच उशिरा आला, अंक छपाईला जायची घाई, म्हणून संपादक म्हणाले की इथेच जोडा, जोडताजोडता फोटो होतील. त्यामुळे आज एका परक्या माणसाने तिला हे करताना पाहिलं. अंगावरचा कपडा उलटा घातलाय हे भर रस्त्यात कुणीतरी सांगावं तसं तिला झालं. तिने पुस्तिका सुलट करून पाहिली. चित्रं सरळ झाली आणि तिला एकही कळेना. कुठला ठोकळा पुढे, कुठला मागे, काही सुधरेना. फोटोग्राफर बघत नाही असं पाहून तिने पुस्तिका पुन्हा होती तशी फिरवली.

लहानपणी समोर दादा बसायचा. एवढंच त्याचं कारण, आणि ते इतकं साधं होतं की तिला हसू आलं. त्या घरात टेबल एकच, तेही स्वयंपाकघरातलं, भिंतीला चिकटलेलं. खिडकीकडची खुर्ची दादाची, कारण तो मोठा. दाराकडची तिची, कारण आईने हाक मारली की उठायचं ते तिने. पुस्तिका खिडकीच्या उजेडात, म्हणजे दादाच्या पुढ्यात. मधे ठेव म्हणून तिने भांडून पाहिलं होतं, पण मधे ठेवली तरी पुस्तिकेचं तोंड दादाकडेच राहायचं. शेवटी ती उलटं वाचायला शिकली. शाळेत बाईंच्या टेबलावरचे कागदही तिला समोरून वाचता यायचे, आणि त्यामुळे कुणाला किती मार्क पडलेत हे वर्गाला आधी तिच्याकडून कळायचं. आई म्हणायची, ही कार्टी पोटातूनच तपासनीस होऊन आलीय. दादा तिला पंच म्हणायचा. "पंच, हे बरोबर आहे का बघ," म्हणून तो चाक पुढे करायचा, आणि ते चाक ती एक डोळा मिटून तपासायची. पुढे तोच धंदा झाला. पाळण्यातले पाय कधीकधी दिसतात ते असे.

संच होता घोड्याशिवायच्या गाडीचा. गाडी एका सिनेमातली, आणि सिनेमा फार जुना. नव्या पिढीसाठी तो पुन्हा पडद्यावर येणार होता, म्हणून कंपनीने गाडीही पुन्हा काढली होती. बाबांनी त्या दोघांना नेऊन दाखवलेला तो एकमेव सिनेमा. बाबा लाँड्रीची गाडी चालवत, लोकांचे धुतलेले कपडे घरोघर पोचवत, आणि सुट्टीच्या दिवशी कुठेही अंधार आणि खुर्ची मिळाली की झोपत. तेव्हाही झोपले. त्यांच्या दोन बाजूंना दोघं डोळे विस्फारून बसलेली. पडद्यावर एक म्हातारा गाडीवान होता, पत्रं वाटणारा. बर्फाच्या दिवसांत त्याचा घोडा मरतो. म्हातारा सकाळी बाहेर येऊन बघतो तर गाडी दारात नाही. ती आपली आपणच निघालेली असते, रोजच्या रस्त्याने, रोजच्या दारांशी थांबत. गाडीला इतक्या वर्षांची सवय. घोडा मेलाय हे तिला कुणी सांगितलेलंच नसतं. मग दोन पोरकी भावंडं तिच्यात चढतात, आणि गाडी चालता चालता कड्यापाशी येते, आणि रस्ता संपलाय हेही तिला ठाऊक नसल्यामुळे ती तशीच पुढे जाते, हवेतून. पुढे दोन लांब दांड्या, मधे घोडा नाही, खाली ढग. त्या क्षणी तिने बाबांचा दंड इतका घट्ट धरला की ते दचकून जागे झाले आणि म्हणाले, "आलं का घर?"

तर ती गाडी आता तिच्यापुढे अर्धी उभी होती. चाकं चांगली होती, कमानी छान पेलल्या होत्या. गुणांच्या तिच्या कागदावर चार रकाने असत: बांधणी, खेळ, टिकाऊपणा, आणि मुळाशी इमान. हा शेवटचा रकाना तिचा स्वतःचा. सिनेमावरून काढलेली खेळणी इथे आपटायची. राजकन्येच्या नावेला नसलेली तोफ लावली की तिने मार्क कापलेच म्हणून समजा. कंपन्यांची माणसं तिला वचकून असत. आणि या संचाच्या एका पिशवीतून निघाला होता घोडा. पांढराशुभ्र, एकसंध, मानेवर आयाळ, दांड्यांत अडकवायला पोटाला दोन खाचा. सोबतच्या पत्रकात लिहिलं होतं की मुलांना घोडा हवा असतो. तिने तो पिशवीतून काढून टेबलाच्या पार कडेला ठेवला होता, आणि मनातल्या मनात चौथ्या रकान्यात भोपळा भरून टाकला होता.

"मॅडम, अजून एक विचारू?" फोटोग्राफर कॅमेऱ्यातून बघत होता. "रागावू नका. मागची सीट पण उलटी बसलीय. खोक्यावर बघा की. दोन्ही सीटा पुढे तोंड करून आहेत."

"मागची सीट मागेच बघते," ती म्हणाली. "सिनेमात तशीच आहे."

"असेल," तो म्हणाला, आणि खोकं तिच्यापुढे ठेवलं.

खोक्यावर दोन्ही सीटा पुढे बघत होत्या. ते कंपनीचं चित्र, त्याला काय विचारायचं. तिने पत्रकाबरोबर आलेले मूळ सिनेमातले फोटो काढले. काळेकरडे, पण स्वच्छ. गाडी ढगांवर, मुलगा पुढे, मुलगी त्याच्यामागे, आणि दोघांची तोंडं एकाच दिशेला. तिने फोटो उजेडात धरला, दिव्याखाली नेला. मुलीचा चेहरा मुलाच्या खांद्यावरून पुढे डोकावत होता. दांड्या रिकाम्या होत्या. म्हणजे घोड्याचं तिचं खरं होतं. पण ती मुलगी मागे बघत नव्हती. कधीच बघत नव्हती. इतकी वर्षं तिने डोळे मिटले की दिसायची ती गाडी मागे बघणाऱ्या मुलीची होती. मागे पडत जाणारा कडा, बर्फातल्या खुणा, लहान होत जाणारा म्हातारा. हे सगळं तिने पाहिलं होतं, अगदी शपथेवर सांगितलं असतं. ते पडद्यावर नव्हतंच. ते स्वयंपाकघरातल्या टेबलावर होतं. उलट्या चित्रावरून जोडल्यामुळे तिने मागची सीट उलटी बसवली होती, बाबांनी दोघांत मिळून एक म्हणून आणलेल्या, याच गाडीच्या त्या पहिल्या संचात. चूक कळल्यावर तिचा ओठ बाहेर आला होता. पंचाचीच चूक, म्हणजे काय लाज. दादाने सीट उपटून सरळ करायला हात घातला आणि मग काय वाटलं कोण जाणे, तशीच राहू दिली. "बरं झालं," तो म्हणाला. "मी पुढचं बघतो. मागून कोण येतंय ते तू बघ." तेव्हापासून ती मागचं बघत होती. आणि आज, केस पिकल्यावर, तिच्या बोटांनी तिला न विचारता ती सीट तशीच बसवली होती.

फोटोग्राफर चहाला गेला. जाताना म्हणाला, "सावकाश होऊ दे, मला घाई नाही," आणि दार हलकेच ओढून घेतलं. ती खुर्चीत मागे टेकली. टेबलाच्या कडेला घोडा उभा होता.

दादाला दांड्या रिकाम्या बघवत नसत. तो पहिला संच जोडून झाला त्याच संध्याकाळी त्याने जुन्या डब्यातले उरलेसुरले ठोकळे काढले. त्यात तांबडेच जास्त होते. त्यांचा त्याने घोडा केला. चार जाड पाय, वर एक आडवा ठोकळा, मान म्हणून त्याच्या बटणांसारख्या उंचवट्यांवर चढवलेला एक उभा. घोडा कमी आणि स्टूल जास्त. तो त्याने दांड्यांमधे उभा केला. "सिनेमात घोडा नाहीये," तिने सांगितलं. "माहितीय," तो म्हणाला. "मग?" "मग काय. असू दे." तिने घोडा काढून खिडकीत ठेवला. सकाळी तो परत दांड्यांमधे. तिने काढला, शाळेतून आली तर पुन्हा तिथेच. भांडण नव्हतं, आवाज नव्हता, पण दोघंही इरेला पेटली होती. आई ओट्यापाशी उभी राहून म्हणाली होती, "तुमचं घोडं कुठे पेंड खातंय ते एकदा मला सांगा तरी." त्यावर दादा म्हणाला, "आई, ती गाडी चांगली आहे गं. पण तिला कळलं म्हणजे?" काय कळलं म्हणजे, ते त्याने सांगितलं नाही, आणि तिनेही विचारलं नाही. तिला सिनेमात काय होतं तेवढं माहीत होतं आणि तेवढं पुरत होतं.

सुंभ जळतो पण पीळ जळत नाही. आई शेवटी शेवटी दादाकडे होती, खिडकीलगतच्या पलंगावर. बाबा जाऊन खूप वर्षं झाली होती, पण आईच्या डोक्यातून ते पुसलं गेलं. दिवस कलला की ती उठून बसायची, केसांवरून हात फिरवायची आणि विचारायची, "यांची गाडी आली का रे?" दादा वर्तमानपत्र खाली ठेवून सांगायचा, "निघालेत आई. वाटेत आहेत. एक दिवा गेलाय गाडीचा, म्हणून सावकाश येतायत." आई म्हणायची, "बरं. सावकाशच येऊ देत," आणि निवांत पडायची. रोज. कधी दिवा, कधी चाक, कधी एका गिऱ्हाइकाकडे कपडे जास्त. ती स्वतः सुट्टीच्या दिवशी दादाकडे जायची, तिने हे ऐकलं आणि तिच्या अंगाचा तिळपापड झाला. याच आईने दोघांना शिकवलं होतं की काहीही करा पण माझ्याशी खोटं बोलू नका. तिलाच आता लहान मुलासारखं चकवायचं? तिने पलंगावर बसून आईचा हात हातात घेतला, आणि अगदी मऊ आवाजात, जितक्या मऊ आवाजात सांगता येईल तितक्या, सांगितलं की आई, बाबा आता नाहीत. आईने तिच्याकडे बघितलं. चादरीची कड बोटांनी दुमडली, उलगडली. "मला कुणी सांगितलंच नाही," ती म्हणाली, आणि मग जी रडली ती बातमी आत्ताच आल्यासारखी रडली. पुढच्या सुट्टीला आईने पुन्हा विचारलं. तिने पुन्हा सांगितलं. ती काही दुष्टपणा करत नव्हती. खऱ्याची सवय व्हावी म्हणून सांगत होती. त्या दिवशी दादाने तिला स्वयंपाकघरात नेलं, दार लोटलं, आणि आवाज न चढवता म्हणाला, "तिला दर वेळी नव्याने विधवा करतेस तू." ती म्हणाली, "आणि तू तिला रोज फसवतोस." तो म्हणाला, "हो." एवढंच. हो म्हणून तो नळाखाली कप धुवायला लागला.

आई गेल्यावर ते दोघं एकमेकांशी बोलेनासे झाले असं कुणी म्हटलं असतं तर तिने ते नाकारलं असतं. बोलत होते, वहिनीच्या फोनवरून. वहिनी सांगायची, हे बरे आहेत, यांचा गुडघा दुखतो, हे विचारत होते तू कशी आहेस. तिचं काही चुकलं होतं असं तिला आजही वाटत नव्हतं. खरं ते खरं. पण खरं बरोबर घेऊन घरी आलं तरी त्या खऱ्याशी दोन शब्द बोलता येत नाहीत, आणि खिडकीकडच्या खुर्चीत कुणी नसताना माणूस पुस्तिका तिच्याकडे तोंड करून ठेवत राहतो, हे तिला आज कळत होतं. दादा अजून आहे, एका शहराएवढाच दूर आहे, त्याचा गुडघा दुखतो. हे असंच चालू राहिलं तर एक दिवस वहिनीचा फोन येईल आणि मग बोलायला कुणी उरणार नाही.

काहीतरी करायचं म्हणून तिने शेवटची छोटी पिशवी फोडली. गाडीवान निघाला. टोपी, कोट, पत्रांची झोळी. अशा बाहुल्यांच्या डोक्याला हल्ली दोन चेहरे छापतात, एक पुढे, एक टोपीआड मागे. डोकं फिरवलं की भाव बदलतो. पुढचा चेहरा हसरा होता. तिने सवयीने मागचाही तपासला. त्यावर ओठ घट्ट मिटलेले, एक भुवई वर, डोळ्यांत मिश्कील दटावणी. ती त्या चेहऱ्याकडे बघत राहिली, आणि कुठल्या तरी तळातून सिनेमाचा एक तुकडा वर आला, जो इतकी वर्षं तिच्या हाती लागला नव्हता. म्हातारा धापा टाकत गाडीला गाठतो. पोरं ओरडून विचारायला जातात की आजोबा, घोडा कुठे आहे, आणि तो असे ओठ मिटतो आणि मग हळूच म्हणतो, "हळू. गाडी ऐकतेय." तेच. दादाला तेच आठवत होतं. तिने सिनेमात काय नव्हतं ते लक्षात ठेवलं होतं, आणि त्याने काय होतं ते.

दार उघडून संपादकांनी डोकं आत घातलं. "झालं का? कुठे घोडं पेंड खातंय?"

"घोड्यापाशीच," ती म्हणाली.

"चार आकडे तर द्यायचेत. तुम्ही तर डोळे मिटून देता."

"तीन दिलेत. चौथ्यासाठी एकाला विचारायचंय."

संपादकांनी भुवया उंचावल्या. मार्कांसाठी तिने आजवर कुणाला काही विचारलेलं नव्हतं. पण छपाईची घाई त्यांच्या डोक्यावर होती, ते गेले. तिने फोन उचलला. वहिनीचा नंबर बोटाखाली आला होता. तो तिने सोडला आणि त्याच्या वरचा लावला. वाजत राहिला. आता उचलणार नाही असं वाटलं तोवर दादाचा आवाज आला, जरा जाड झालेला. "हं. बोल."

"काम होतं."

"बोल की."

"ती गाडी परत काढलीय. आपली. घोड्याशिवायची."

"बरं," तो म्हणाला.

"त्यांनी तिला घोडा दिलाय."

तिला त्याच्या घरातलं घड्याळ ऐकू आलं, आईच्या खोलीतलं. मग दादाने विचारलं, "कुठल्या रंगाचा?"

"पांढरा."

"मग चूक आहे."

"सिनेमात घोडाच नाहीये, दादा."

"ते आहेच गं. पण असता तर तांबडा असता." तो खोकला, की हसला, ते नीट कळलं नाही. "मार्क कापणार असशील."

"कापणार. पांढरा आहे म्हणून." तिने पेन घेतलं आणि खरोखरच चौथ्या रकान्यात एकच मार्क कापला. घोडा आहे म्हणून तिने काही कापलं नाही. मग फोन खांद्याने धरून तिने टेबलाच्या कडेचा घोडा उचलला आणि दांड्यांत बसवला. खाचा छान बसल्या. "तुझा तो स्टुलासारखा कुठे गेला रे?"

"इथेच आहे. आईच्या कपाटात होता, शालीत गुंडाळलेला. जोडलेलाच आहे." मग त्याने विचारलं, "तुझी सीट कुठे बघतेय?"

"मागे."

"मग ठीक आहे."

खिडकीबाहेर दिवस कलला होता, खालच्या रस्त्यावर गाड्यांनी दिवे लावायला सुरुवात केली होती. दार उघडून फोटोग्राफर आत आला, तिला फोनवर पाहून दाराशीच थांबला. त्याच्यासमोर बोलायचं नव्हतं, पण आता थांबवत नव्हतं. आवाज निघाला तो तिचा नव्हताच, पलंगावर उठून बसलेल्या कुणाचा तरी होता.

"दादा," ती म्हणाली, "बाबांची गाडी आली का रे?"

तिकडे खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. दादा खाली बसला असावा.

"निघालेत," तो म्हणाला. "वाटेत आहेत. एक दिवा गेलाय, म्हणून जरा वेळ लागतोय."

"बरं," ती म्हणाली. "सावकाशच येऊ देत."